हस्तकलेत पदव्युत्तर शिक्षण: वस्तूआधी नमुने कसे करायचे

हस्तकलेवर आधारित डिझाइनच्या पदव्युत्तर वर्षात बहुतेक जण वस्तू ठरवून येतात. दिवा करायचा, खुर्ची करायची, शाल विणायची. वर्षाच्या शेवटी वस्तू तयार असते, पण ती तशीच का झाली याचं उत्तर जवळ नसतं, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात. म्हणून आधी वस्तूचा प्रश्न करून घ्या. 'राखेच्या ग्लेझचे (भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा बसणारा थर) वाडगे' हा विषय झाला. 'किती टक्के राखेपर्यंत ग्लेझ उभ्या भिंतीवरून ओघळत नाही?' हा प्रश्न झाला. चांगल्या प्रश्नात साहित्य, प्रक्रिया आणि मोजता किंवा निदान शेजारी ठेवून ताडून बघता येईल असा एक गुण, एवढं तरी असतंच.

ब्रिटिश कला-शिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कला-डिझाइनमधल्या संशोधनाचे तीन प्रकार सांगितले: कलेविषयी, कलेतून आणि कलेसाठी. तुमचं काम बहुधा दुसऱ्या प्रकारात बसेल. म्हणजे पुरावा पुस्तकात सापडणार नाही, तो तुम्ही घडवलेल्या नमुन्यांत असेल. त्यामुळे नमुने हाच अभ्यासाचा गाभा आहे. इथे उदाहरण मातीकामाचं घेतलं आहे, कारण मातीत चुका झाकता येत नाहीत.

पहिला नमुना आकसण्याचा. १४ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद आणि १ सेंमी जाड अशा पाच पट्ट्या कापा. ओल्या मातीवर टोकदार सुईने बरोबर १०० मिमीची रेघ ओढा. पट्ट्या उलटसुलट करत सावकाश वाळवा, नाहीतर त्या वाकतात आणि रेघेचं माप चुकतं. वाळल्यावर, कच्च्या भाजणीनंतर (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) आणि ग्लेझच्या भाजणीनंतर असं तीनदा मोजा. शेवटी रेघ ८८ मिमी भरली तर एकूण आकसणं १२ टक्के. आता नेहमीची चूक बघा. १०० मिमीचा वाडगा हवा म्हणून १२ टक्के वाढवून ११२ मिमीचा घडवतात. तो आकसून ९८.५६ मिमी होतो आणि झाकण बसत नाही. वाढवायचं नाही, भागायचं: १०० भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ११३.६ मिमी.

आता ग्लेझ. राख, फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं एक खनिज) आणि चिनी माती (पांढरी, शुद्ध माती) यांचा त्रिकोणी मिश्रण-तक्ता करा: प्रत्येक कोपऱ्यात एक पदार्थ शंभर टक्के आणि मधे तिघांची वेगवेगळी मिश्रणं. प्रत्येक बाजूला २० टक्क्यांच्या पायऱ्या घेतल्या तर २१ मिश्रणं होतात. १० टक्क्यांच्या घेतल्या तर ६६, आणि तेवढ्यांना भट्टीत जागा मिळत नाही. आधी २१ करा, मग जिथे काही घडताना दिसेल तेवढाच कोपरा बारीक पायऱ्यांनी तपासा.

१. संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढी राख एकाच वेळी, एकाच ढिगातून घ्या आणि चाळून घ्या. दुसऱ्या ढिगातली राख म्हणजे दुसरंच साहित्य. ओली राख त्वचा जाळते, हातमोजे घाला.
२. तिन्ही पदार्थ कोरडे प्रत्येकी १०० ग्रॅम तोला आणि पाणी घालून प्रत्येकाचं एकूण आकारमान २०० मिली करा. राखेचं मिश्रण फार घट्ट झालं तर तिन्ही २५० मिलीपर्यंत वाढवा. एकट्या राखेचंच वाढवलंत तर सगळी प्रमाणं बिघडतात.
३. सिरिंजने प्रत्येक नमुन्यासाठी एकूण २० मिली घ्या. २० टक्के म्हणजे ४ मिली. अख्ख्या तक्त्याला प्रत्येक पदार्थाचे १४० मिली लागतात, म्हणजे थोडं उरतं. दर वेळी ओढण्याआधी ढवळा. गाळ तळाशी बसला की विसाव्या नमुन्यात पहिल्यासारखं मिश्रण राहत नाही.
४. नमुन्यासाठी आडवी, सपाट फरशी नको. इंग्रजी एल अक्षरासारखी उभी राहणारी पट्टी घ्या आणि वरच्या दोन-तृतीयांश भागालाच ग्लेझ लावा. ओघळणं उभ्या भिंतीवरच कळतं. खाली मातीची चकती ठेवा, भट्टीचा पाट (नमुने ठेवायची फळी) वाचतो.
५. क्रमांक पाठीमागे लोह-ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशने लिहा. मार्करची शाई भट्टीत जळून जाते, आणि २१ बेवारस पट्ट्या हातात येतात.

प्रत्येक पाटावर नमुन्यांशेजारी कोन ठेवा, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा, क्रमांक असलेला छोटा सुळका. कोन नुसतं तापमान दाखवत नाही, तापमान आणि वेळ यांचा एकत्रित परिणाम दाखवतो. भट्टीच्या वर आणि खाली फरक असतोच, त्यामुळे भट्टीच्या तापमान-नियंत्रकाच्या आकड्यावर विसंबून दोन पाटांची तुलना करू नका.

भांडं भट्टीत फुटलं की खापर हवेच्या बुडबुड्यावर फोडलं जातं. खरं कारण बहुधा ओल असते. जाड भागातल्या पाण्याची १०० अंशांपुढे वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तळ गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. ५७३ अंशांना मातीतला गारगोटीसारखा क्वार्ट्‌झ एकदम फुगतो, आणि उतरताना त्याच तापमानाला आकसतो. म्हणून तिथे चढ-उतार दोन्ही सावकाश.

बाकी साहित्यांतही तर्क हाच. लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे, आणि लांबीत जवळपास नाहीच. म्हणून रुंद फळी चौकटीत चारी बाजूंनी चिकटवली की तडकते. विणलेला नमुना धुऊन वाळवल्यावरच मोजा. रंगाईत रंग पक्का बसावा म्हणून घालायची तुरटी कापडाच्या कोरड्या वजनावर तोलतात: लोकरीला १५ टक्के धरली तर २०० ग्रॅमला ३० ग्रॅम. सुती कापडाला आधी टॅनिन (हिरड्यासारख्या वनस्पतींतला तुरट पदार्थ) द्यावं लागतं, नाहीतर तुरटी नीट धरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. तुरटीही बदलली आणि वेळही बदलली, तर रंग गडद कशाने झाला हे कुणालाच सांगता येणार नाही.

वहीत प्रत्येक नमुन्याला अर्धं पान: क्रमांक, तारीख, वजनं, काय बदललं, काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं. 'काय वाटलं होतं' हे भाजण्याआधी लिहा. नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच बरोबर येतो. हाताला कळतं पण शब्दांत येत नाही, असं पुष्कळ असतं. त्यासाठी खांद्यामागून चित्रीकरण करा आणि काम चालू असताना मोठ्याने बोला. कारागिराकडून शिकत असाल तर चित्रीकरणाआधी परवानगी घ्या, वेळेचा मोबदला द्या आणि प्रबंधात नाव कसं हवं ते त्यांनाच विचारा.

वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजा. घडवणं, वाळवणं, कच्ची भाजणी, ग्लेझ, पक्की भाजणी आणि सामायिक भट्टीतला नंबर धरला तर एका फेरीला तीन-चार आठवडे सहज जातात. बारा आठवड्यांच्या सत्रात तीनच फेऱ्या, त्यातली तिसरी बिघाडासाठी राखीव. हे गणित न केल्यामुळेच प्रदर्शनात कच्चं काम मांडलं जातं.

कार्यशाळा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचते. कोरडी पूड तोलताना बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावा, कापडी नको.

मार्गदर्शकांकडे जाताना तीसही नमुने नेऊ नका. तीन न्या: एक जमलेला, एक फसलेला आणि एक असा, ज्याचं कारण कळलेलं नाही. बोलणं तिसऱ्यावर होऊ द्या. प्रबंधातल्या छायाचित्राखालीही 'राखेचा ग्लेझ' एवढंच लिहून भागत नाही. 'नमुना १४: राख ६०, फेल्डस्पार २०, चिनी माती २०, कोन १०, ओघळ तळापर्यंत' असं लिहा, मोजपट्टी चित्रात दिसू द्या आणि सगळे फोटो एकाच प्रकाशात काढा. ओघळलेली पट्टी प्रदर्शनातही वाडग्याशेजारी ठेवा, हातात घेता येईल अशी.