गृहकर्जाआधीचे सहा महिने: सिबिलची तयारी

घराचं कर्ज काढायचं ठरलं की सिबिलचं, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणाऱ्या स्कोअरचं, काम किमान सहा महिने आधी हाती घ्या. बिल्डरला टोकन देऊन झाल्यावर स्कोअर पाहिला, तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. किमान स्कोअर किती असावा हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं नाही, प्रत्येक बँक आपलं धोरण ठरवते. पण ३०० ते ९०० या मापात ७५०च्या वर असलेल्या अर्जदाराला बऱ्याच बँका कमी व्याज लावतात. ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी मिळालं, तर हप्ता साधारण १,२७५ रुपयांनी वाढतो आणि मुदतभरात तीन लाखांच्या वर जादा जातात. सहा महिन्यांची मेहनत त्यासाठी आहे.

सुरुवात रिपोर्टपासून. नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही, पूर्ण रिपोर्ट काढा. आपल्याकडे चार कंपन्या ही माहिती ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या. बँक यांपैकी कुणाचाही रिपोर्ट पाहू शकते, म्हणून चारही काढा. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

रिपोर्ट हातात आला की आधी पॅन, जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग, पत्ते आणि मोबाइल नंबर तपासा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पॅनवर एक, कर्जखात्यावर दुसरं नाव असेल, तर खाती विखुरतात किंवा भलत्याच व्यक्तीचं कर्ज तुमच्या नावावर दिसू लागतं. मग एकेक खातं घ्या. हे कर्ज आपलंच आहे ना? फेडून झालेलं कर्ज अजून चालू तर दिसत नाही ना? त्याखाली ३६ महिन्यांची हप्त्यांची पट्टी असते. ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ म्हणजे खातं नीट चालू आहे, ‘०३०’ म्हणजे हप्ता ३० दिवस थकला आहे, आणि ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. मोबाइल हप्त्यावर घेताना झालेलं छोटं कर्ज, ‘नंतर पैसे द्या’वाल्या ॲपमधली खरेदी, न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी, सगळं इथे सापडतं. ५०० रुपये फी आणि जीएसटी धरून ५९० रुपयांचं विसरलेलं बिलही थकबाकीच असते. कार्डाचं बिल देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं, तरच बँक ते थकीत म्हणून कळवू शकते. त्यामुळे तारीख चुकल्याचं लगेच लक्षात आलं तर त्याच दिवशी भरून टाका.

गावाकडचं पीक कर्ज विसरू नका. कर्जमाफीत बसलेलं खातं रिपोर्टमध्ये कसं दिसतंय ते पाहा आणि बँकेकडून बेबाकी दाखला (काहीही देणं उरलं नाही असं पत्र) घेऊन ठेवा. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये येतं. त्याचे हप्ते थकले की बँक तुमच्याकडेही बोट दाखवते.

चूक सापडली की त्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे. मात्र सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही, ते बँकेला विचारतात. म्हणून त्याच दिवशी बँकेकडेही लेखी तक्रार द्या, सोबत कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि खातेउतारा जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यातले पहिले २१ दिवस बँकेला मिळतात. त्यापुढे उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

सगळ्यात जास्त नुकसान ‘सेटल्ड’ या शेऱ्याने होतं. वसुलीवाला फोन करून ८० हजारांच्या जागी ३५ हजार भरा, विषय संपवू म्हणतो आणि माणसाला सुटल्यासारखं वाटतं. पण खातं ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) न होता ‘सेटल्ड’ (कमी पैशांत तडजोडीने मिटवलेलं) होतं. हा इतिहास वर्षानुवर्षं रिपोर्टमध्ये राहतो आणि गृहकर्ज देणारा अधिकारी तिथेच थांबतो. जुना असा शेरा असेल आणि ऐपत असेल, तर बँकेला गाठून उरलेली रक्कम लेखी मागून घ्या, ती बँकेच्याच खात्यात भरा, नो ड्यूज पत्र घ्या आणि शेरा ‘क्लोज्ड’ करून मागा. एजंटच्या हातात रोख देऊ नका. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नका, खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

आता चालू महिन्यांकडे. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी ठेवा आणि खात्यात आदल्या संध्याकाळीच पैसे असू द्या, कारण ऑटो डेबिट बहुधा सकाळी लवकर लागतं. दुपारी पैसे टाकले तर हप्ता बाउन्स होऊन गेलेला असतो. कार्डावर नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरल्याने खातं थकीत दिसत नाही, पण व्याज वर्षाला ३५-४० टक्क्यांच्या घरात जातं आणि बाकी तशीच राहते. पूर्ण बिल भरा.

पूर्ण भरूनही स्कोअर का वाढत नाही, याचं कारण बऱ्याचदा तारखांत असतं. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून किमान दोनदा बाकी कळवावी लागते, त्यात महिनाअखेरची बाकीही येते. कार्डाच्या एक लाखाच्या मर्यादेत ७० हजार खर्च केले आणि ५ तारखेला भरायचे म्हणून थांबलात, तर महिनाअखेर ७० टक्के वापर दिसतो. बाकी ३० टक्क्यांच्या आत हवी, म्हणून मोठी खरेदी झाली की बिलाची वाट न पाहता ४०-४५ हजार आधीच भरून टाका. जुनं, फी नसलेलं कार्ड या काळात बंद करू नका. मर्यादा घटते, वापराचा टक्का वाढतो.

ज्यांनी कधी कर्जच घेतलं नाही त्यांचा स्कोअर निघत नाही. त्यांनी २०-२५ हजारांच्या मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं, त्यावर किराणा आणि वीजबिल भरावं आणि दर महिन्याला पूर्ण फेडावं. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो.

अर्ज एका वेळी एक-दोन बँकांकडेच करा. दहा वेबसाइटवर ‘पात्रता तपासा’ दाबून बँकांच्या चौकश्यांची रांग लावू नका. आणि मंजुरीपत्र आलं म्हणून नव्या घरासाठी फ्रिज-सोफा हप्त्यावर उचलू नका. पैसे सोडण्याआधी बँक रिपोर्ट पुन्हा पाहू शकते, आणि नवा हप्ता दिसला तर मंजूर रक्कम कमी होऊ शकते. धनादेश बिल्डरच्या हातात पडेपर्यंत खरेदी थांबवा.