कोकणच्या खाऱ्या हवेत विमानाचे जुने कॉकपिट जपताना

निवृत्त लष्करी विमानाचे कॉकपिट, त्यातला एखादा उपकरणांचा फलक किंवा वैमानिकाचे हेल्मेट आपल्या संग्रहात असावे, अशी इच्छा बाळगणारे लोक कोकणातही आहेत. मात्र देशावर कपाटात ठेवलेली जी वस्तू वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते, तीच मालवण किंवा वेंगुर्ल्यात थोड्याच पावसाळ्यांत पांढऱ्या भुकटीने भरते. विमानाचे अंग बहुतांशी ड्युरॅल्युमिनचे, म्हणजे तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे असते आणि हवेतले मीठ त्याचा मोठा शत्रू आहे. त्यामुळे येथील संग्राहकाने खरेदीच्या आधी जागेचा विचार करावा.

गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरची सी हॉक आणि अलिझे, तसेच २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी हॅरियर अशी विमाने तेथे जवळून पाहता येतात. तेथे गेल्यावर विमानाच्या रुबाबाबरोबरच त्याचे सांधेही पाहावेत. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या पत्र्यात जेथे बसतो, तेथे दोन धातूंमध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झिजू लागते. स्क्रूच्या डोक्याभोवती रंगाचा फुगवटा दिसतो आणि तो नखाने दाबला की खालून पांढरे पीठ निघते. विकत घ्यायच्या वस्तूवर हीच खूण आधी शोधावी. पत्र्याचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर ती वस्तू कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.

संरक्षण दलांनी मोडीत काढलेले साहित्य अनेकदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून बाहेर पडते आणि पुढे भंगारवाल्यांच्या हातांतून फिरते. विकणाऱ्याकडे लिलावाची पावती, माल उचलण्याचा परवाना आणि मधल्या प्रत्येक व्यवहाराचे बिल मागावे. कागद नसलेली वस्तू सरकारी मालमत्तेची चोरी ठरू शकते. उपकरणावरची भाग क्रमांक व अनुक्रमांक असलेली धातूची पट्टी कोणत्याही कारणाने काढू नये, कारण ती गेली की वस्तूची ओळखच हरवते.

कॉकपिटमध्ये इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन असेल, तर तिची काडतुसे व रॉकेट मोटर काढून निकामी केल्याचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय त्या आसनाला हात लावू नये. सी हॅरियरसारख्या विमानांच्या कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, नागमोडी जाणारी बारीक स्फोटक दोरीही असते. ती शोभेची रेघ नव्हे. जुन्या डायलवरचा रंग हा दुसरा धोका आहे. अंधारात चमकावेत म्हणून आकड्यांवर लावलेल्या रंगात अनेकदा रेडियम असे. त्यातील चमकणारा पदार्थ काही दशकांत निकामी होतो, पण रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे असल्यामुळे न चमकणारा डायलही किरणोत्सारी असतो. अशा डायलची काच उघडू नये, त्यावरचा रंग खरवडू नये आणि ते निजायच्या खोलीत ठेवू नयेत. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरने मोजणी करून घ्यावी आणि नोंद जास्त आली, तर अणुऊर्जा नियामक परिषदेचे मार्गदर्शन घ्यावे. आतल्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये बहुधा विषारी क्रोमेट असते, म्हणून तो कोरड्या सॅंडपेपरने घासू नये.

आता मुख्य काम, म्हणजे मीठ धुऊन काढणे. सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यावे आणि काढलेला प्रत्येक स्क्रू जागेचे नाव लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवावा. विद्युत उपकरणे व डायल काढून बाजूला ठेवावेत. ते पाण्याने धुवायचे नसतात. मऊ ब्रशने धूळ झाडून उरलेला पत्रा सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी अनेकदा मचूळ असते, त्यामुळे शेवटचे धुणे डिस्टिल्ड वॉटरनेच करावे. शेवटचे ओघळ काचेच्या पेल्यात धरून त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे काही थेंब टाकावेत. पाणी दुधाळ झाले, तर मीठ अजून शिल्लक आहे आणि पुन्हा धुवावे लागेल. सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात, म्हणून हातमोजे घालावेत. त्यानंतर पंख्याच्या वाऱ्यावर, सांध्यांमधूनही, पूर्ण वाळू द्यावे आणि उघड्या धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. चकाकीसाठी पॉलिश घासणे मला अजिबात मान्य नाही. पत्र्यावरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा संरक्षक थर त्याने निघून जातो. पेन्सिलने केलेल्या खुणा, झिजलेली अक्षरे आणि हाताच्या स्पर्शाने उडालेला रंग हाच विमानाच्या सेवेचा पुरावा आहे. त्यावर नवा रंग चढवू नये.

कॅनोपीची काच बहुधा ॲक्रिलिकची असते. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी आणि मगच सुती कापडाने पुसावे. थिनर, स्पिरिट किंवा अमोनियायुक्त काच-क्लीनर लागला, तर तिच्यात बारीक भेगांचे जाळे पडते.

ठेवण्याची खोली मृगाच्या आधी तयार असावी. पडवी किंवा गोठ्याची वळचण उपयोगाची नाही, कारण झडीबरोबर खारे पाणी आत येते. जांभ्याची भिंत ओल धरते. म्हणून कॉकपिट भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी घोडीवर जमिनीपासून उंच असावे, म्हणजे खालूनही वारा फिरेल, आणि घोडीच्या पायांना वाळवी लागली की नाही हेही दिसेल. वर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधल्यास ओल आत कोंडते, त्याऐवजी सुती चादर टाकावी. धातूसाठी हवेतील आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली असलेली बरी. पावसाळ्यात हे प्रमाण कोकणात केवळ खिडक्या लावून मिळत नाही; बंद खोलीत हवेतली ओल काढणारा डिह्युमिडिफायर चालवावा लागतो. वीज वारंवार जात असेल, तर लहान उपकरणे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावीत. रेडियमचे डायल मात्र अशा डब्यात घालू नयेत, त्यातून निघणारा रेडॉन वायू आत साठतो.

वैमानिकांच्या नोंदवह्या, छायाचित्रे व नकाशे आम्लविरहित कागदात गुंडाळावेत. चामड्याचे हातमोजे आणि ऑक्सिजन मास्कचे रबर एकमेकांना चिकटू देऊ नये आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडते.

ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की सगळ्या वस्तू बाहेर काढून तपासाव्यात. एका वहीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, कोठून आली, केव्हा धुतली आणि कोणत्या स्क्रूपाशी नवी भुकटी दिसली याची तारखेसह नोंद करावी व शेजारी त्याच कोनातून घेतलेले छायाचित्र चिकटवावे. पुढच्या वर्षी तीच वही हाती घेऊन तपासणीला बसावे.