डिझेल इंजिननं हवा धरली तर ती काढायची कशी

सोयाबीन काढायच्या टायमाले हे हमखास होते. वावरात थ्रेशर लावलेला, मजूर उभे, अन् टाकीतलं डिझेल संपून ट्रॅक्टर बंद. मंग कॅननं डिझेल टाकलं तरी सेल्फ नुसता फिरते, इंजिन काही स्टार्ट घेत नाही. लोक तरीही सेल्फच मारत राह्यतात अन् बॅटरी उतरवून ठेवतात. तसं करू नका भाऊ, बॅटरीचा काही दोष नाही, पाईपात हवा गेली आहे.

आधी हे इंजिन पेटते कसं ते समजून घ्या. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखा स्पार्क प्लग नसते. पिस्टन खाली जाताना नुसती हवा आत ओढते, वर येताना तीच हवा 16-18 पट दाबते, अन् दाबली की ती तापते, सायकलमंधी हवा भरताना पंप हाताले गरम लागते ना तसंच, फक्त इथं ते 500 डिग्रीच्या वर जाते. त्या हवेत नोझल बारीक फवारा मारते, डिझेल आपोआप पेट घेते, पिस्टन जोरात खाली ढकलला जाते अन् पुन्हा वर येताना धूर बाहेर. चार स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दोन चकरा, त्यात ताकद देणारा स्ट्रोक एकच. 1800 आरपीएमवर एकेक सिलिंडर मिनिटाले 900 वेळा पेटते.

आता नोझल उघडायले 200 बारच्या आसपास प्रेशर लागते, ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरात असते त्याच्या शंभर पटीच्या वर. डिझेल दबत नाही म्हणून इंजेक्शन पंपाचा (नोझलले डिझेल पाठवणाऱ्या पंपाचा) जोर सरळ नोझलपर्यंत पोचते. पण मधात हवेचा बुडबुडा असला की पंप मारते तो जोर ती हवा दाबण्यातच जाते, नोझल काही उघडत नाही. सगळं दुखणं एवढंच आहे.

काढायची कशी? टाकीत चांगलं डिझेल टाका, कॉक उघडा, बंद करायचा नॉब पूर्ण आत आहे का पाहा. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंग नट थोडा ढिला करा अन् फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावरचा) हॅन्ड प्रायमर, म्हणजे हातानं दाबायचा दट्ट्या, दाबत राहा. आधी फेस येईन, मंग बुडबुडे, मंग साफ धार. धार चालू असतानाच नट कसायचा, दाबणं थांबवून कसला तर हवा परत आत जाते, इथंच लोकांचं चुकते. दोन फिल्टर असन तर टाकीकडचा पहिले. त्याच्यानंतर इंजेक्शन पंपावरचा नट, तसाच.

एवढ्यानं बहुतेक वेळा काम होते. नाहीच झालं तर नोझलकडच्या पाईपांचे नट 17 नाहीतर 19 च्या पान्यानं एक-दीड आटा ढिले करा, गिअर न्यूट्रल, रेस फुल्ल, अन् कोणाले तरी सेल्फ मारायले सांगा, एका वेळी दहा सेकंदाच्या वर नाही. नटापासून डिझेल उडायले लागलं की कसून टाका. तिथं बोट लावून पाहू नका! त्या प्रेशरची धार चामडी फोडून आत घुसते, वरून टोचल्यासारखं बारीक दिसते पण आत हात सडते, असं झालं तर घरी न थांबता सरळ दवाखाना गाठा. अन् नवीन कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलले एकाच जाड पाईपातून डिझेल देणारं) असन तर हे नट उघडूच नका, तिथं प्रेशर हजार बारच्या वर जाते, ते काम मेकॅनिकचंच.

डिझेल संपलं नसताना हवा धरत असन तर गळती शोधा, टाकी ते फीड पंप या पाईपात. हा भाग ओढणारा आहे, म्हणून इथं चीर पडली तर चालत्या इंजिनात डिझेल बाहेर टपकत नाही, हवाच आत जाते, अन् बाहेरून पाईप कोरडा ठणठणीत दिसते. पक्कं करायचं असन तर फीड पंपाले वेगळा पाईप लावून त्याचं टोक सरळ कॅनमंधी बुडवा अन् इंजिन चालवून पाहा. आता बंद पडत नसन तर खराबी टाकीकडच्या पाईपात किंवा कॉकमंधी. तो पाईप बदलाच, टेप गुंडाळून भागत नाही. अन् फिल्टर उघडला की बोल्टखालचे कॉपर वॉशर नवीन टाकजा, जुना दबलेला वॉशर नीट बसत नाही अन् तिथून गळते.