पहिल्या लेव्हलची मोहीम चालवताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाच्या २०१४ च्या नियमांनुसार पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगार पात्राकडे, सहसा ७ किंवा ८ हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) असतात आणि गॉब्लिन या छोट्या राक्षसाच्या तलवारीचा एक वार ३ ते ८ हिट पॉइंट काढतो. नवख्या, दुबळ्या पात्रांच्या मोहिमेतली सगळी रंगत आणि सगळी जोखीम या दोन आकड्यांत आहे. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, हातून होणाऱ्या बहुतेक चुकाही ते नजरेआड केल्यामुळेच घडतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे डोकी मोजून लढाई ठरवणे. चार पात्रे आहेत, तेव्हा चार गॉब्लिन ठेवले की सामना बरोबरीचा होईल, असे वाटते. प्रत्यक्षात नियमपुस्तकाचे गणित वेगळे आहे. एका गॉब्लिनला हरवल्याचे ५० अनुभवगुण मिळतात, म्हणजे चार गॉब्लिनचे २००. परंतु शत्रू ३ ते ६ असतील तर लढाईची काठिण्यपातळी ठरवताना ही बेरीज दुप्पट धरावी लागते आणि ती ४०० वर पोहोचते. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी ‘घातक’ लढाई नेमकी याच आकड्यापासून सुरू होते. दोनच गॉब्लिन असतील तर हिशेब १५० चा होतो आणि लढाई सोप्या गटात राहते. शत्रू वाढला की त्याच्या हिट पॉइंटांपेक्षा त्याला दर फेरीत मिळणारा जादा वार अधिक महागात पडतो. त्यात गॉब्लिन लपण्यात तरबेज असल्याने ते दबा धरून बसले, तर विझार्ड स्वतःची पहिली पाळी येण्याआधीच कोसळू शकतो. म्हणून सुरुवातीला दोघेच समोर आणावेत, उरलेल्यांचा आरडाओरडा दूरवरून ऐकू येऊ द्यावा आणि पुढे जायचे की माघार घ्यायची, हे खेळाडूंना ठरवू द्यावे.

एकच दांडगा शत्रू ठेवल्यानेही धोका टळत नाही. बगबेअर या दांडग्या राक्षसाचा फटका आठ बाजूंचे दोन फासे अधिक २ इतका असतो. वार लागतो का, हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर २० पडल्यास तेच फासे चार होतात आणि सरासरी नुकसान २० वर जाते. पूर्ण ७ हिट पॉइंट असलेल्या पात्राला एकाच फटक्यात १४ किंवा अधिक नुकसान झाले, तर ते बेशुद्ध न होता जागच्या जागी मरते. अशा वेळी पडद्याआड फासा फिरवून पात्र वाचवण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे माझे ठाम मत आहे. फासे खोटे आहेत, हे एकदा कळले की पुढच्या कोणत्याही संकटाला वजन उरत नाही. त्यापेक्षा शत्रूचा हेतू बदलावा. त्याला खंडणीसाठी जिवंत कैदी हवे असतील, तर पराभवानंतरही कथा पुढे चालू राहते.

शत्रूंना शेवटच्या श्वासापर्यंत लढवणे ही चूक तर जुन्या डीएमकडूनही होते. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक प्राण्याला धैर्याचा आकडा असे; गॉब्लिनचा ७. त्यांच्यातला पहिला पडला आणि पुढे निम्मे गारद झाले, की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज ७ पेक्षा जास्त आली की ते पळ काढतात किंवा शरण येतात. ही पद्धत आजच्या खेळातही सहज बसते. पळवून लावलेल्या शत्रूचे अनुभवगुण पूर्ण द्यावेत, म्हणजे प्रत्येकाला ठार मारलेच पाहिजे, अशी सवय खेळाडूंना लागत नाही.

खेळाडूंनी पळावे, अशी अपेक्षा ठेवायची आणि त्यांना वाट मात्र द्यायची नाही, असेही घडते. गॉब्लिन आणि माणूस दोघेही फेरीला ३० फूटच चालतात, शिवाय पाठ फिरवताच मागून वार बसू शकतो. त्यामुळे अडसर लावता येईल असे दार किंवा तोडता येईल असा दोरखंडाचा पूल नकाशावर आधीच असावा, आणि ‘हा शत्रू तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे’ हे डीएमने स्पष्ट शब्दांत सांगावे.

महत्त्वाचा सुगावा एकाच फाशावर टांगू नये. वीस बाजूंच्या फाशावर १५ चे लक्ष्य गाठायचे असेल, तर फाशाच्या आकड्यात ५ ची भर मिळणारे पात्रही १०० पैकी ४५ वेळा अपयशी ठरते.

पात्रे दुबळी असली की खेळाडू युक्त्या शोधतात, आणि ‘हे नियमात नाही’ म्हणून त्या मोडून काढणे मला सर्वांत जास्त खटकते. एका चांदीच्या नाण्याला मिळणारी तेलाची कुपी अरुंद वाटेत ओतून पेटवली, तर दोन फेऱ्या आग राहते आणि त्या जागेत शिरणाऱ्याला ५ नुकसान होते. गॉब्लिनचे हिट पॉइंट सरासरी ७ आहेत. हे नियमपुस्तकातच आहे. डीएमने ते ठाऊक करून घ्यावे.

एवढे करूनही एखादे पात्र मरेल. त्यासाठी एक तयार पात्रपत्रिका जवळ ठेवावी आणि पुढच्याच खोलीत एखादा कैदी बांधलेला असावा, म्हणजे तो खेळाडू उरलेले सेशन नुसता पाहत बसणार नाही.