कूरस पाहावे ते किनाऱ्याकडून

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात, फोर्थ खाडीच्या उत्तर तीरावर कूरस हे लहानसे गाव आहे. इंग्रजी लेखनात या नावात एक ‘ल’ येतो, पण तो उच्चारत नाहीत; बसचालकाशी बोलताना हे लक्षात ठेवावे. एडिनबरोहून रेल्वेने डनफर्मलिनला जावे आणि तेथून बस घ्यावी. गल्ल्या उंचसखल दगडगोट्यांच्या असल्यामुळे जाड तळव्यांचे बूट हवेत.

बहुतेक पाहुणे उतरताच पिवळ्या भिंतींच्या पॅलेसकडे वळतात. माझ्या मते आधी खाडीकाठी जावे, तेही ओहोटीच्या वेळी, कारण या गावाची श्रीमंती समुद्राखालून वर आलेली आहे. 1575 मध्ये जॉर्ज ब्रूस या व्यापाऱ्याने येथील कोळशाची खाण चालवायला घेतली आणि पुढे खाडीच्या पात्रातच दगडी कोट बांधून त्यातून खाली खाणीत उतरणारे विवर खणले, त्यामुळे कोळसा तेथूनच थेट गलबतांत भरता येऊ लागला. आत झिरपणारे पाणी उपसण्यासाठी घोड्यांनी फिरवायचे 36 पोहऱ्यांचे रहाटगाडगे होते; अठरा पोहरे भरायला खाली जात, तर अठरा रिकामे व्हायला वर येत. 1617 मध्ये राजा सहावा जेम्स ही खाण पाहायला आला आणि वर येताच चहूकडे पाणी पाहून ‘दगा, दगा’ असे ओरडला, अशी कथा सांगतात. 1625 च्या वादळात खाण बुडाली. ब्रूसही त्याच वर्षी वारला. ओहोटीला त्या कोटाचे अवशेष दिसतात.

याच कोळशावर समुद्राचे पाणी आटवून मीठ काढले जाई. कोकणच्या मिठागरांत जे काम ऊन करते, ते येथे जाळाकडून करून घ्यावे लागे. भाकरीसारख्या ओटकेक भाजण्याचे लोखंडी तवे घडवण्यातही गावाचे नाव होते.

एवढे पाहून झाल्यावर पॅलेसमध्ये शिरावे. राजवाडा म्हणून पाहू नये; 1597 ते 1611 या काळात ब्रूसने बांधलेले ते राहते घर आहे. रंगवलेली लाकडी छते सावकाश, मान वर करून पाहावीत, आणि खिडक्यांकडेही लक्ष द्यावे: वरच्या अर्ध्या भागात काच, खाली लाकडी झडपा, कारण काच महाग होती. पुढे गावाची भरभराट ओसरली. नवे बांधायला पैसा नसल्यामुळेच जुनी घरे टिकली असावीत. 1932 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने हा वाडा अवघ्या 700 पौंडांत विकत घेतला. हिवाळ्यात तो बंद असू शकतो, म्हणून वेळा आधी पाहून ठेवाव्यात.

शेजारचे 1626 चे टाउन हाउस बाहेरून पाहिले तरी पुरे; चेटकिणी ठरवलेल्या स्त्रियांना त्याच्या माळ्यावर कोंडत, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे. तेथून बाजारचौकातील एकशृंगी घोड्याच्या स्तंभापाशी यावे आणि चढाची गल्ली धरावी. वर 1217 मध्ये स्थापन झालेल्या, सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाचे भग्नावशेष आहेत. त्यालगतच्या चर्चमध्ये ब्रूस, त्याची पत्नी आणि त्यांची आठ मुले यांच्या मूर्ती आहेत. मुले ओळीने गुडघे टेकून बसलेली आहेत. बाहेर पडल्यावर कठड्यापाशी थांबावे. लाल कौलांच्या पलीकडे तीच खाडी दिसते.