शहराच्या निवृत्तिवेतन अंशदानाचा दर का बदलला, हे कसे तपासावे

सोलापुरात साखर पेठेतील माझे एक शेजारी लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांचा मुलगा टेक्सासमधील एका लहान शहराच्या पाणीपुरवठा खात्यात अभियंता आहे, तर मुलगी इकडेच जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मुलाने फोनवर विचारले, की नव्या वर्षापासून शहराने निवृत्तिवेतनासाठी भरायचा दर वाढला, पण माझ्या पगारातून होणारी कपात तेवढीच राहिली, असे कसे? ते उत्तर शोधताना आम्ही ज्या क्रमाने कागद पाहिले, तोच क्रम येथे देत आहे.

आधी रक्कम आणि दर वेगळे करावेत, कारण पुष्कळदा दर बदलल्याची तक्रार होते तेव्हा बदललेली असते फक्त रक्कम. मुलीच्या दोन वेतनचिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्यावर हे स्पष्ट झाले. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत कर्मचाऱ्याचा वाटा मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के असतो. मूळ वेतन ४०,००० रुपये धरले आणि महागाई भत्ता ५० टक्के असला, तर ६०,००० रुपयांवर ६,००० रुपये कापले जातात. भत्ता ५३ टक्के झाला की ६१,२०० रुपयांवर ६,१२० रुपये. दर तसूभरही हललेला नसतो. या योजनेत दर बदलतो तो शासनाने निर्णय घेतला तरच. केंद्राने १ एप्रिल २०१९ पासून आपला वाटा १० वरून १४ टक्के केला, तो असा निर्णय होता.

नंतर स्वतःला एक प्रश्न विचारावा: योजनेत आधी ठरलेले काय आहे, भरायचा हप्ता की मिळायचे निवृत्तिवेतन? हप्ता ठरलेला असेल, तर बाजाराचे चढउतार कर्मचाऱ्याच्या खात्यावर पडतात आणि निवृत्तिवेतन किती मिळेल ते शेवटी कळते. निवृत्तिवेतनाचे सूत्र ठरलेले असेल, तर तेच चढउतार नियोक्त्याला सोसावे लागतात आणि ते दरवर्षी बदलणाऱ्या दराच्या रूपाने दिसतात. आपल्याकडे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांची जुनी योजना या दुसऱ्या जातीची आहे; मात्र तिथे कर्मचाऱ्याची कपात नसल्याने त्याला दर दिसत नाही, संस्थेच्या अंदाजपत्रकात निवृत्तिवेतनाचा खर्च तेवढा दिसतो.

टेक्सासमधील बहुतेक शहरे टेक्सास म्युनिसिपल रिटायरमेंट सिस्टीम या संस्थेची सभासद आहेत. कर्मचाऱ्याची कपात त्या त्या शहराने ठरवलेली, उदाहरणार्थ ५, ६ किंवा ७ टक्के असते आणि ती सहसा स्थिर राहते. बाजाराचे चढउतार इथे शहराला सोसावे लागत असल्याने शहराचा दर मात्र विमागणितज्ञ (निवृत्तिवेतनाच्या भावी खर्चाचा हिशेब मांडणारे ॲक्चुअरी) दरवर्षी, प्रत्येक शहरासाठी स्वतंत्रपणे काढतात. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांच्या या हिशेबाचा, म्हणजे मूल्यांकनाचा, अहवाल मागवावा आणि त्याचे वर्ष पाहावे, कारण १ जानेवारी २०२६ पासूनचा दर ३१ डिसेंबर २०२४ च्या हिशेबावर ठरलेला असतो. यंदाच्या बाजाराला यंदाच्या दराबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.

अहवालात दराचे दोन तुकडे दिसतात: चालू वर्षाच्या सेवेचा खर्च आणि मागील तुटीचा, म्हणजे निधीत कमी पडलेल्या रकमेचा, हप्ता. उड्या मारतो तो बहुधा दुसरा. हिशेबापुरते समजा, निधी १०० कोटींचा आहे, ६.७५ टक्के परतावा मिळेल असे गृहीत धरले होते आणि मिळाला ४.७५ टक्के. तूट झाली २ कोटींची. ती त्याच व्याजदराने २० वर्षांत समान हप्त्यांनी फेडायची, तर वर्षाला सुमारे १८.५ लाख रुपये लागतील; शहराचा वार्षिक पगारखर्च २० कोटी असेल, तर दर सुमारे ०.९ टक्क्याने वाढेल. प्रत्यक्षात असा फटका अनेक वर्षांत विभागून हिशेबात घेतात, त्यामुळे तो एकदम न दिसता हळूहळू उतरतो, आणि बाजार चांगला गेलेल्या वर्षानंतरही दर वाढलेला पाहून माणूस चक्रावतो.

आता याच उदाहरणात बाजार बाजूला ठेवून फक्त पगारखर्च २० वरून १५ कोटींवर आणावा. हप्ता तोच १८.५ लाखांचा, पण वाढ सुमारे १.२ टक्के. जागा रिक्त ठेवून पैसे वाचवणाऱ्या शहराचा दर त्यामुळेच चढू शकतो. हे वाचताना शेजारी हसले, कारण रिक्त पदे ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. याशिवाय निवृत्त लोक गृहीत धरल्यापेक्षा जास्त जगणे, पगारवाढ अंदाजापेक्षा जास्त होणे आणि गृहीतकेच बदलणे, ही कारणे अहवालात एकेका ओळीत सापडतात.

शेवटी नगर परिषदेचे ठराव पाहावेत. निवृत्तांना महागाईनुसार वाढ द्यायची की नाही, हे तिथे शहरच ठरवू शकते, आणि होकार दिला की त्याचा भार त्याच दरात येतो.

एक खबरदारी सोलापूरकरांसाठी. आपल्याकडे घराघरांत विडी किंवा गिरणी कामगार आहेत, आणि त्यांची १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना वेगळी आहे; तिथे मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के जातात. २०१४ मध्ये वेतनमर्यादा ६,५०० वरून १५,००० रुपये झाली तेव्हा ही रक्कम जास्तीत जास्त ५४१ वरून १,२५० रुपयांवर गेली, दर मात्र तोच राहिला. वरचा तुटीचा हिशेब त्या पासबुकाला लावू नये.

मुलाने अहवाल पाठवला, तेव्हा वाढीचा मोठा भाग त्याच्या शहराने नुकत्याच मंजूर केलेल्या महागाई-वाढीचा निघाला. तुटीचा वाटा त्यापुढे किरकोळ होता.