दिवाळीचा माल उतरण्याआधी एक्सपायरीचा खोका बाहेर काढा

झाडलोट, फळ्या पुसणं, उंदरांचे पिंजरे हे सगळे करतातच. दुकानदाराचं पहिलं काम एक्सपायरीचा खोका, म्हणजे बदलीसाठी बाजूला ठेवलेला मुदत संपलेला, फाटका, परत आलेला माल. गेल्या वर्षी मी बाकी सगळं केलं आणि हाच माळ्यावर विसरलो. सेल्समन बदली देणार म्हणून मार्चपासून साठवलेले बदामाचे बार, फाटकी पाकिटं, परत आलेले गिफ्ट बॉक्स. वसुबारसेला गिऱ्हाईक डबा घेऊन परत आलं. काजूंना जाळी धरलेली, आत अळ्या. डबा त्यांच्या लहान मुलीने उघडला होता. या अळ्या सुकामेव्याला लागणाऱ्या छोट्या पाखराच्या. आपल्याकडच्या उकाड्यात या पाखराला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत महिनाभर पुरतो आणि एकेक मादी शंभराहून जास्त अंडी घालते. मार्च ते ऑक्टोबर किती पिढ्या झाल्या, मोजा.

म्हणून माल येण्याच्या तीन आठवडे आधी तो खोका दुकानाबाहेर. माळ्यावरून काढून काउंटरखाली ठेवणं म्हणजे बाहेर काढणं नव्हे. सेल्समन येत नसेल तर नुकसान सोसा, पण माल घट्ट बांधून टाकून द्या.

मग बॅटरी घेऊन कोपरे बघा. अळी कोषात जायला मालापासून लांब चालत जाते. भिंत आणि छत जुळतं तिथे, फळीच्या सांध्यात, खिळ्यांच्या भोकांत कोष सापडतात. ब्रशने खरवडून काढा. खाण्याच्या मालाजवळ औषधाचा फवारा मारू नका, कोणी कितीही सांगो.

मादीच्या वासाने पाखरांना ओढणारे चिकट गंधसापळे लावा, पण त्यात फक्त नर अडकतात. त्याने कीड संपत नाही, ती कुठून येते ते कळतं. माळ्याच्या शिडीजवळचा सापळा गेल्या वर्षी सगळ्यात आधी भरला होता. मी तो बदलला आणि वर चढलोच नाही. तुम्ही चढा. खोका तिथेच असतो.

वेष्टनावर विसंबू नका. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने दुकानांतल्या साठवणीकडे बोट दाखवलं, एफडीएने (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने) वेष्टनाकडे. २००४ च्या सुरुवातीला वेष्टन बदललं, पण काही अळ्या प्लॅस्टिकही कुरतडतात. साध्या चॉकलेटपेक्षा काजू-बदामाचं आधी तपासा, शिवणीपाशी बारीक भोक किंवा भुसा दिसतो का ते. सुटा सुकामेवा हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवला की अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, मेव्याला पाणी सुटतं. चॉकलेट मात्र असं गोठवू नका, पांढरं पडतं.

माल भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वर. जुना पुढे, नवा मागे. सुटी मिठाई झाकलेली.

भाऊबीजेनंतर उरलेले बॉक्स मोजा, मेव्याचे लगेच विका. परत आलेलं एकही पाकीट माळ्यावर नाही. बदलीसाठी सेल्समनला त्याच दिवशी फोन.